खालची पापणी

जयभीम म्हणायच्या आधी ती समोरच्याचा डोळा धरायची. अंगठ्याने खालची पापणी खाली ओढायची, मान वाकडी करून आत बघायची आणि म्हणायची, "पांढरी. पांढरी फटक." दूधवाला असो, पोस्टमन असो, नळाचं बिल आणणारा असो, सुटका नाही. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक माणूस हात जोडून दारात आला, मागे ही गर्दी. हिने त्याचीही पापणी ओढली. "निवडून येशील तं येशील, पण तुह्या अंगात रक्तच नाही ना गा. सभेत पडशील." मागची माणसं खो खो हसली. तो बिचारा मात्र पुढच्या गल्लीत जाऊन कोणाला तरी हळूच विचारत होता म्हणे, मी खरंच फिका दिसतो का हो?

ही आमची घरमालकीण. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, मीही मावशीच म्हणत होते. नागपूरला इंदोऱ्यात तिचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर होतं, त्याच्या मागच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या होत्या. आमचे हे नुकतेच कोराडीच्या वीज केंद्रात लागले होते. सकाळी बसने जायचे, संध्याकाळी केसांत राख घेऊन यायचे. दिवसभर घरात मी आणि पुढच्या दाराशी मावशी. मधे एक अंगण, त्यात एक मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड.

एक सांगते, तिने कोणाला "लाल आहे" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. गल्लीच्या तोंडाशी एक पैलवान राहायचा, मान म्हणजे नुसता खांब. त्यालाही ही म्हणाली, "हे वरून वरून आहे बाप्पा. आत काही नाही." पैलवान दोन दिवस तालमीत गेला नाही.

तिच्या नवऱ्याचं सांगितलं म्हणजे तुम्हाला कळेल. तो रेल्वेत गार्ड होता. उंचापुरा, एका बैठकीत चार भाकरी आणि वाटीभर जवसाची चटणी उडवणारा. एक दिवस ड्यूटीवरून उतरला आणि फलाटावरच बसला. बसला तो उठलाच नाही. डॉक्टरने तिला काय काय सांगितलं असेल कोणास ठाऊक, हिच्या कानात एकच शब्द राहिला. कमजोरी. भाजी निवडता निवडता, कोणी काही विचारलेलं नसताना ती मधेच म्हणायची, "माह्या चुलीवरचं खाणारा माणूस अन् कमजोर?" मला तर वाटतं, तो शब्द तिला दुःखासारखा नाही, अपमानासारखा लागला होता. मग तिने जे मनावर घेतलं ते घेतलंच. या गल्लीत आता कोणी कमजोर राहायचं नाही.

तिच्या चुलीच्या उजव्या हाताला एक लांब फळी होती, फळीवर फुलाफुलांचा पडदा. बाकीच्यांकडे अशा फळीवर डबे असतात, हिच्याकडे बाटल्या. लोहाचं काळंभोर टॉनिक. माशाचं तेल. हाडांसाठीचे थेंब. पिवळ्याधमक मोत्यांसारख्या गोळ्या. इतवारीतून आणलेला अवलेह आणि आठवडी बाजारात रस्त्यावर चादर अंथरून बसणाऱ्या पुडीवाल्याच्या 'ताकदी'च्या पुड्या. पडदा सरकवला की मासा, गूळ, लोखंड आणि कापूर असा सगळा मिळून एक वास अंगावर यायचा. आमच्या ह्यांना त्या वासाने शिंका यायच्या. मावशी म्हणायची, "पाह्य, नुसत्या वासानं अंग जागं झालं त्याचं."

आता तिची एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं त्या खोडीमुळे झालं.

आमच्या लोकांत ज्वारीच्या कोठीचं बूड कोणी दिसू देत नाही. थोडी राहिली की वरून नवी ओततात. मिठाची बरणी कोणी खरवडत नाही. दही संपवतानाही विरजणापुरतं ठेवतात. घरात भांडं रिकामं दिसू नये, एवढंच. तर मावशीने हाच नियम बाटल्यांना लावला होता. कोणतीही बाटली बोटभर उरली की ती नवी बाटली आणायची, जुनीत ओतायची आणि नवी फेकून द्यायची. ज्या बाटल्या नवरा गेला त्या वर्षी आणल्या होत्या त्याच फळीवर उभ्या. दुकानदाराकडे तेच टॉनिक नसलं तर तो देईल ते दुसरं. "तसंच असते," असं तो म्हणाला की झालं. तेही जुन्याच बाटलीत.

एकदा आमच्या ह्यांनी, मॅट्रिक झालेला माणूस, एक बाटली उचलून उजेडात धरली आणि वरचं इंग्रजी वाचायला लागले. वाचता वाचता थांबले.

"मावशी, याच्यावरची तारीख आमच्या लग्नाच्या आधीची आहे ना."

"कागद जुना आहे. आतला माल नवा आहे."

"किती नवा?"

"जुन्यावर नवा ओतला की सगळाच नवा होते बाप्पा. दह्याले कोणी तारीख इचारते का?"

"पण दही आणि हे..."

"तू कोरडीत वीज पाह्य. हे मले पाहू दे."

कोराडीला ती नेहमी कोरडीच म्हणायची. ह्यांनी बाटली परत ठेवली. मला मात्र ते दही डोक्यातून गेलं नाही.

पण तिला नुसतं वेडी म्हणून सोडून देता येत नव्हतं, त्याचंही कारण आहे. तिचा आणखी एक नियम होता. कोणालाही काही द्यायच्या आधी ती ते स्वतः घ्यायची. चाखायची नव्हे, चांगलं आठ-दहा दिवस घ्यायची. शेजारच्या म्हातारीच्या गुडघ्यासाठी आणलेलं तेल आधी स्वतःच्या गुडघ्याला चोळायची, गुडघा दुखत नसला तरी. "आधी मी, मग तू," असं छातीवर हात ठेवून म्हणायची. म्हणजे पुडीवाल्याने विष दिलं असतं तरी आधी हिच्याच पोटात गेलं असतं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, सांगा बरं?

आता माझं सांगते. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथा महिना पुरा झाला नव्हता. पहिल्या वेळी लोक म्हणाले, होतं असं. दुसऱ्या वेळी कोणी काही म्हटलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. तिसऱ्या वेळी मी तोंडच उघडलं नाही. ह्यांनाही सांगितलं नाही. वाटायचं, बोललं की जाईल.

नळावर हंडा भरत होते. मावशी आली, नेहमीसारखी पापणी ओढली आणि बघत राहिली. "पांढरी" म्हणाली नाही.

"कितवा?"

मी इकडेतिकडे बघून म्हटलं, "दुसरा."

"मंग हंडा काहून उचलून राहिली वं पोट्टे?"

आणि तो भरलेला हंडा कमरेवर घेऊन तीच चालायला लागली, या वयात. अर्धं पाणी रस्त्यावर सांडत गेलं. त्या दिवसापासून माझं पाणी तिने भरलं. आणि त्याच दिवशी फळीवरचा पडदा सरकवून तिने बाटल्या पुढे ओढल्या. "या वेळी जाऊ देत नाही मी," म्हणाली. मला म्हणाली का स्वतःला, ते कळलं नाही.

आमच्या वस्तीच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या एक डॉक्टरबाई यायच्या. तरुण होत्या, सदा घाईत, खुर्चीच्या काठावर बसणाऱ्या. त्यांनी मला तपासलं, कागदाच्या पुडीत लाल गोळ्या बांधून दिल्या. "रक्ताच्या आहेत. रोज एक, जेवणानंतर. जेवताना लिंबू पिळून खा, गोळीवर लगेच चहा पिऊ नका. आणि याच्याशिवाय दुसरं काही घेत असाल तर घ्यायच्या आधी मला आणून दाखवा."

घरी मावशीने ती पुडी उघडून बघितली आणि परत बांधली. "फुकटच्या आहेत?"

"हो."

"फुकटचं अंगी लागते का वं? सरकारनं कधी कोणाले रक्त देलं?"

मी हसले. पण रात्रंदिवस तेच डोक्यात. गोळी घ्यायला लागले, आणि तीन-चार दिवसांत परसाकडे गेले तर सगळं काळं. डांबरासारखं काळं! मी तिथेच भिंतीला धरून बसले. वाटलं, आतून काहीतरी जळतंय. वाटलं, झालं, गेलं हेही. मावशीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "म्या म्हटलं होतं ना! जळून राहिलं आतून. फेक थे."

फेकल्या नाहीत. उशीखाली ठेवल्या. पण घेणंही बंद केलं आणि डॉक्टरबाईंचा वार यायची वाट बघत बसले. तो आठवडा माझा कसा गेला ते मलाच माहीत. लोकांना वाटतं भीती एका बाजूने येते. माझ्याकडे ती दोन्ही बाजूंनी यायची. गोळी घेतली आणि काही झालं तर घेतली म्हणून झालं. नाही घेतली आणि काही झालं तर नाही घेतली म्हणून झालं. मावशीचं टॉनिक घेतलं तरी तेच, नाही घेतलं तरी तेच. काहीही केलं तरी करणारी मीच असणार. पोटावर हात ठेवून बसायचे आणि आतल्या जिवालाच विचारायचे, बाप्पा, तुला काय पाहिजे ते तूच सांग.

वार आला तेव्हा मी पदराखाली मावशीची एक बाटली घेऊन गेले. सगळ्यांत मोठी, काळ्या टॉनिकची. मावशी आत शेगडी पेटवत होती, तिला म्हटलं, "डॉक्टरबाईले दाखवून आणतो." ती फणकारली, "दाखव. शिकतील जरा."

डॉक्टरबाईंनी आधी काळ्याचं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या. "अहो, लोहाची गोळी घेतली की तसं होतंच. हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. घाबरलात का?" मी मान हलवली आणि मला रडूच आलं. त्यांनी मला रडू दिलं. बाहेर रांग होती तरी.

मग बाटली हातात घेतली. वरचा कागद वाचला, बूच उघडून वास घेतला, भुवया वर गेल्या.

"यात काय आहे?"

"टॉनिक."

"ते कागदावर आहे. आत काय आहे?"

मी सांगितलं. कोठीचं सांगितलं, मिठाच्या बरणीचं सांगितलं, दह्याचं सांगितलं. जुन्यावर नवं, आणि ते नसलं तर दुसरं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे देणाऱ्या बाईलाही माहीत नाही यात काय आहे."

"तिचा जीव आहे हो माझ्यावर."

"असेल ना. पण तिचा जीव या बाटलीत नाही. चांगलंही असेल हे कदाचित. पण ज्यात काय आहे, किती आहे ते मला सांगता येत नाही, ते मी तुमच्या पोटातल्या बाळाला देऊ शकत नाही. तुम्ही घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर घेतलं नसतं."

'तुमचं तुम्ही ठरवा' हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. माहेरी आईने ठरवलं, सासरी सासूने ठरवलं, इथे मावशी ठरवत होती. बाटली पदराखाली घेऊन परत येताना ते वाक्य बाटलीपेक्षा जड लागत होतं. घरी आल्या आल्या लाल गोळी परत सुरू केली. जेवताना लिंबू पिळून, पुढे चहा नाही. काळं दिसलं की स्वतःला सांगायचे, होतं असं, होतं असं. तरी जीव धडधडायचाच.

पण मावशीला नाही म्हणायचं धाडस होईना. तिची तयारी जोरात चालली होती. "बुद्धपौर्णिमा होऊ दे. मंग तुले सुरू करू. तोवर मी घेऊन पाह्यतो." आणि ती घेत होती. सकाळी काळं टॉनिक, मग माशाचं तेल, मग थेंब, मग पिवळ्या गोळ्या, झोपताना पुडी. अंगणातून मला दिसायचं. चमचा चाटून ती माझ्याकडे बघून मान हलवायची. म्हणजे, बघ, काही होत नाही.

उन्हाळा चढला. आमचा नागपूरचा उन्हाळा तुम्हाला काय सांगू, कवेलू तापून घरात भट्टी होते. त्या दिवसांत पाणी कोण जास्त पितं, कोणाला मळमळतं, कोण दुपारी पडून राहतं, याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. सगळेच तसे असतात. मावशीचा माठ दुपारच्या आत रिकामा व्हायला लागला. रिकामा! जिच्या घरात भांडं रिकामं दिसत नव्हतं, तिच्या माठात तांब्या खाली आपटल्याचा आवाज मला माझ्या खोलीत ऐकू यायचा. मी विचारलं तर म्हणायची, "ऊन केवढं आहे पाह्यतं ना." पोट साफ होत नाही म्हणायची, आणि त्यावर आणखी एक चमचा अवलेह.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर असते. दरवर्षी मावशी मोठा डाव घेऊन वाढायला उभी राहायची आणि वाढता वाढता रांगेतल्यांच्या पापण्या बघायची. त्या वर्षी तिने डाव दुसरीच्या हातात दिला. माझ्या शेजारी सतरंजीवर बसली, खिरीचा द्रोण उचलला, नाकाशी नेला आणि बाजूला सरकवला. पाणी प्यायली. परत पाणी प्यायली. मी म्हटलं, "मावशी, खीर?" तर म्हणाली, "तू खाय. तू दोन जिवांची आहे." आणि हातातला गडवा तिने शेजारी ठेवायला म्हणून हवेतच सोडून दिला. पाणी सगळ्या सतरंजीवर झालं. ती त्याच्याकडे बघत राहिली, जसं काही ते दुसऱ्याच कोणाकडून सांडलं.

मी पदराने सतरंजी टिपायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात आली. एका हातात काळी बाटली, दुसऱ्या हातात चमचा. "चल. झाली पौर्णिमा."

मी उठून उभी राहिले. "मावशी, मी नाही घेणार."

"काय म्हणली?"

"मी गोळीच घेतो, डॉक्टरबाईंची. हे नाही घेणार. तुम्ही राग नका मानू."

"मी घेऊन पाहिलं ना! एक महिना होऊन राहिला. मले काही झालं का?"

"तुम्हाले चाललं म्हणजे..."

"दुप्पट घेतलं मी!" ती ओरडली. "तू दोन जिवांची. मंग तुह्यासाठी पाह्याचं तं एका जिवाचं घेऊन कसं कळन? दोन दोन चमचे घेतले. दोन दोन गोळ्या. पुडी बी दोन. नाही झालं ना काही! अजून काय करू मी, सांग!"

हे मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, खरं म्हणजे पहिल्यांदाच नीट बघितलं. ओठ फुटले होते. गालावरची कातडी कोरडी पडून सुटत होती. काय झालं कोण जाणे, मी पुढे गेले आणि अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली. तिची पापणी आजवर कोणी बघितली नव्हती. ती दचकली, पण हलली नाही. लहान पोरीसारखी उभी राहिली.

"काय दिसते?"

मला काय कळणार? मी काय डॉक्टर होते? "मले समजत नाही मावशी. पण तुम्ही बऱ्या नाही."

"मी?" ती म्हणाली. मग अगदी सरळ आवाजात तिने विचारलं, "तू कोण वं?"

मग खालीच बसली. बाटली सुटली, काळं टॉनिक उंबऱ्यावर सांडलं. तिला उलटी झाली. मी ओरडले, गल्लीतली माणसं धावली, पैलवानानेच तिला उचलून सायकल रिक्षात घातलं. मी मागच्या रिक्षात बसले, मांडीवर टोपली आणि टोपलीत फळीवरच्या सगळ्या बाटल्या. रस्ताभर त्या एकमेकींवर आपटत होत्या. एक हात टोपलीवर, एक पोटावर. त्या दिवशी मी दोघांसाठी घाबरत होते, आणि कोणासाठी जास्त ते आजही सांगता येणार नाही.

मोठ्या दवाखान्यात त्याच डॉक्टरबाई निघाल्या. मला बघून पहिल्यांदा त्यांची नजर माझ्या पोटाकडे गेली. मी म्हटलं, "मी नाही. मावशी." त्यांनी बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या. कशातून किती, विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यातून. दुप्पट." त्यांनी आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागद वाचले, गोळ्या हातावर घेऊन बघितल्या, रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं.

संध्याकाळी त्यांनी मला बाहेर बाकावर बसवून समजावलं. तेल, थेंब आणि पिवळ्या गोळ्या, नावं तीन, पण आत बरंचसं तेच ते, 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वं. काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. ही मात्र जात नाहीत, शरीरात साठत राहतात. साठत साठत रक्तातलं कॅल्शियम एवढं वाढलं की तिचं डोकं चालेनासं झालं. पुडीत काय होतं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. "आता सगळं बंद. पाणी आणि सलाईन. वाट बघायची."

"आणि मी प्यायले असते तर?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नाही प्यालात ना?"

वाट बघायची म्हणाल्या, ती मी बघितली. रोज दुपारी डबा घेऊन जायचे, ह्यांनी नको म्हटलं तरी. चार-पाच दिवस ती मला वेगवेगळ्या नावांनी हाका मारत होती. मग एक दिवस वॉर्डात शिरते तो काय, डॉक्टरबाई नाडी बघायला वाकलेल्या आणि मावशीने त्यांची पापणी ओढून धरलेली. "पांढरी फटक. बाई, तू जेवतं का नाही वं?" डॉक्टरबाई हलल्या नाहीत, तशाच वाकून म्हणाल्या, "कालपासून वेळ नाही मिळाला." माझा डबा मावशीने त्यांनाच खायला लावला. मी कॉटच्या पायाशी उभी राहून हसत होते आणि डोळे पुसत होते. आमची मावशी परत आली होती.

घरी आल्यावर मात्र ती फळीकडे फिरकली नाही. टोपली फळीखाली होती तशीच पडली होती. एका सकाळी तिने ती मुनग्याच्या झाडामागे नाल्याकडे नेली, एकेक बूच उघडलं आणि एकेक बाटली उलटी केली. शेवटच्या थेंबापर्यंत. मी दारात उभी राहून बघत होते. तिला किती जड जात असेल ते मला कळत होतं; ज्वारीच्या कोठीला कधी बूड न दाखवणारी बाई ती. धुतलेल्या बाटल्या फळीवर पालथ्या ठेवल्या आणि पडदा काढून टाकला. मग माझ्याकडे वळून, हात मोकळे सोडून म्हणाली, "आता तुले मी काय देऊ वं?"

मी म्हटलं, "पाणी भरून द्या."

तेवढ्याने ती हलली. पाणी भरायला लागली. मुनग्याच्या पाल्याची भाजी करायला लागली, आणि मला वाढायच्या आधी तिचा पहिला घास स्वतः खायची. मुनग्याची भाजी कोणी तपासून बघतं का? मी आपली जेवायची. रोज जेवणानंतर समोर येऊन बसायची. मी लाल गोळी तोंडात टाकली की तिच्या तोंडात काही नसताना तीही गिळायची. चौथा महिना गेला. पाचवा गेला. ती मोजत नव्हती, मीही मोजत नव्हते, आणि दोघींनाही पक्कं माहीत होतं. पण तिने या सगळ्या दिवसांत एकदाही माझी पापणी बघितली नाही. जयभीम घालायची आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची. गल्लीतल्या सगळ्यांच्या पापण्या बघायची, माझी सोडून.

आज माझ्या त्या पोरीची पोरगी कॉलेजात आहे. माझी पोरगी मला सांधेदुखीच्या गोळ्या, ताकदीची पावडर, काय काय आणून देते. मी विचारते, यात काय आहे, किती आहे, डॉक्टरला दाखवलं का? ती चिडते. म्हणते, आई, तुला सगळ्याचीच भीती वाटते. वाटते बाप्पा. मी नाही कुठे म्हणते?

पण मला तिच्या जन्माच्या सकाळचं सांगायचं होतं. कळा सुरू झाल्या होत्या, दारात रिक्षा उभी होती, हे गाठोडं बांधत होते. आता काहीही होऊ शकतं, आता काहीही, एवढंच डोक्यात. मावशी हात मागे बांधून दाराला टेकली होती. मी रिक्षाकडे न जाता तिच्याकडे गेले आणि मान वर करून उभी राहिले.

"पाहा ना मावशी."

तिने हात पुढे केला, मागे घेतला. मग पदराने अंगठा पुसला आणि माझी पापणी ओढली. खूप वेळ बघत राहिली. रिक्षावाला घंटी वाजवत होता.

"लाल आहे," ती म्हणाली.

खरंच होती का, ते मी पुढे कधी विचारलं नाही. मी रिक्षात जाऊन बसले.